एतेरीची लोबियानी

स्मृतिवाचकाच्या खुर्चीतून डॉ. हेमांगी सबनीस उठल्या, तेव्हा पडद्यावरच्या दोन रेघांपैकी एकच दिसत होती. दुसरी तिच्याखाली पुरती झाकली गेली होती. वरची रेघ हेमांगींच्या मेंदूतून वाचलेल्या एका चवीची होती. खालची होती रसमुद्रकाने, म्हणजे रेणू मोजूनमापून पदार्थ तयार करणाऱ्या यंत्राने, आदल्या दिवशी केलेल्या नमुन्याची.

"जुळली," त्या म्हणाल्या. डोक्यावरची जाळी उतरवून त्यांनी दाराजवळच्या वाटीतली चिमूटभर बडीशेप तोंडात टाकली. नाशिकबाहेर द्राक्षबागांना लागून असलेल्या या प्रयोगशाळेत स्मृतिवाचकाची बैठक नेहमी दुपारच्या जेवणानंतर होई आणि बैठकीनंतर बडीशेप. हा शिरस्ता बाईंनीच घातला होता. जाळी डोक्यावर असली की तोंड कोरडं पडतं, अशी त्यांची तक्रार होती.

जुळलेली चव लोबियानीची होती. लोबियानी म्हणजे लाल घेवडा उकडून, कुस्करून, गव्हाच्या कणकेत भरून भाजलेला जॉर्जियातला पदार्थ. आपल्या पुरणपोळीची खारट आणि जाडजूड मावसबहीण म्हणा ना. पंचवीस वर्षांपूर्वी हेमांगी त्या देशात एका परिषदेला गेल्या होत्या आणि तिथे त्यांच्या शोधनिबंधाच्या चारचौघांत चिंधड्या उडाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी नवऱ्याबरोबर डोंगरात फिरायला गेल्या, तर बस बर्फात अडकली. थांब्यावर एतेरी नावाची एक म्हातारी पत्र्याच्या भट्टीवर लोबियानी भाजत होती. त्या लोकांचे उपासाचे दिवस असल्याने आत मांस नव्हतं, म्हणून शाकाहारी हेमांगींना ती खाता आली. संशोधन सोडायचं नाही, प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करायचा, हे आपण तो पहिला घास खाताना ठरवलं, असं त्या प्रत्येक भाषणात सांगत. सांगताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटे आणि ते त्या लपवत नसत.

त्यानंतर त्यांनी तीन खंडांत लोबियानी खाल्ली. एकही तशी लागली नाही. एतेरीच्या सारणात आणखी काहीतरी होतं आणि ते काय, हे सांगता येत नव्हतं. ही हाव भागवायलाच आपण स्मृतिवाचक बनवला, असं त्या हसत म्हणत. त्यात थट्टा कमी आणि खरं जास्त होतं. ती चव म्हणजे त्यांच्या लेखी तो दिवस होता आणि त्या दिवसावर त्यांचं पुढचं सगळं आयुष्य उभं होतं.

आता यंत्राने ते 'काहीतरी' सांगून टाकलं होतं. कांद्याच्या आणि निळ्या मेथीच्या, म्हणजे तिकडच्या एका मसाल्याच्या, मागे एक गोडसर, सुगंधी छटा होती, बडीशेपेच्या जातीची. येत्या सोमवारपासून हेच यंत्र शहरातल्या एका वृद्धाश्रमात जाणार होतं. तिथल्या आजी-आजोबांना आपापल्या आयांच्या हातच्या चवी परत मिळणार होत्या. आश्रमाचे विश्वस्त मोहिले यांनी मांडवसुद्धा घातला होता.

आनंदात सामील नव्हता तो एकटा डॉ. रियाज इनामदार. मेंदूविज्ञानातला हा हेमांगींचा जुना विद्यार्थी आता त्यांच्या हाताखाली काम करत होता आणि बाईंशी वाद घालायची मुभा त्याला एकट्याला होती.

"मॅडम, आठवण वाचायची तर ती आधी जागी करावी लागते," तो म्हणाला. "जागी झालेली आठवण काही तास सैल राहते आणि मग पुन्हा घट्ट बसते. सैल असताना जवळपास जे असेल, ते तिच्यात मिसळतं. आपलं यंत्र तर तिला गदागदा हलवून जागं करतं."

"हे तुला कोणी शिकवलं?" हेमांगींनी विचारलं.

तो हसला. त्यांनीच शिकवलं होतं. म्हणूनच तर त्यांनी सगळी काळजी घेतली होती. खोलीत गाळलेली हवा, अत्तर लावून येणाऱ्याला मज्जाव, चहा बाहेर. नमुना कधीही बैठकीच्या दिवशी चाखायचा नाही आणि बैठकीनंतर रात्रीपर्यंत बाईंनी काही खायचं नाही. मिसळायला काही शिल्लकच नाही, असं त्या ठामपणे म्हणाल्या. बोलता बोलता त्यांचा हात पुन्हा वाटीकडे गेला. इनामदारने तो पाहिला, पण त्यालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. बडीशेपेला खाणं कोण म्हणतं?

शनिवारी संध्याकाळी हेमांगींनी रसमुद्रकातली गरम लोबियानी घरी आणली आणि इनामदारलाही जेवायला बोलावलं. त्यांचे पती श्रीरंग पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बोलायला कंजूस. त्या बसथांब्यावर बायकोशेजारी बसून त्यांनीही तीच लोबियानी खाल्ली होती. यंत्रात बसायला मात्र त्यांनी साफ नकार दिला होता. डोक्यात फार काही नाही, जे आहे ते राहू द्या, असं ते म्हणाले होते.

हेमांगींनी घास घेतला आणि डोळे मिटले. एतेरीच त्यांच्यासमोर उभी राहिली. श्रीरंगांनी घास घेतला, सावकाश चावला आणि विचारलं, "यात बडीशेप कशाला घातलीये?"

हेमांगी चिडल्या. बडीशेप तेव्हाही होती म्हणाल्या, तुझ्याच लक्षात नाही. श्रीरंगांनी वाद घातला नाही. घासातली बडीशेप जिभेवर तपासल्यासारखं करून त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं. एवढ्यात इनामदारचा चेहरा उतरला. जेवण अर्धवट टाकून तो उठला आणि सरळ प्रयोगशाळेत गेला.

परत आला तो सगळ्या बैठकींचे आलेख घेऊनच. पहिल्या बैठकीची रेघ पुसट म्हणून त्यांनी बाजूला ठेवली होती. तिच्यात बडीशेपेचा मागमूसही नव्हता. दुसरीत एक बारीकसा उंचवटा होता आणि पुढे प्रत्येक बैठकीला तो वाढत गेला होता. आठवण सैल झाली की लगेच चिमूटभर बडीशेप. रसमुद्रकाने वाढत्या उंचवट्यानुसार नमुना सुधारला होता. नमुना आठवणीपर्यंत पोचलाच नव्हता. आठवणच बडीशेपेच्या वाटेला लागली होती आणि नमुना तिच्या मागोमाग चालला होता.

हेमांगींनी रेघा एकाखाली एक लावून तपासल्या. मग पुसट रेघेवर काही ठरवता येत नाही, असं त्या म्हणाल्या. चूक मान्य करण्याआधी पुरावा मागायची त्यांची जुनी सवय होती आणि ती वाईट नव्हती. सोमवार त्यांनी आठवडाभर पुढे ढकलला.

पुरावा इनामदारनेच आणला. त्याचा एक मित्र जॉर्जियाच्या राजधानीत शिकवत होता. तो त्या डोंगरातल्या गावी गेला. एतेरी केव्हाच वारली होती, पण तिची मुलगी त्याच भट्टीवर, त्याच हाताने लोबियानी भाजत होती. बर्फात गोठवलेलं पार्सल विमानाने आलं. रसमुद्रकाने तिची चव मोजली आणि ती रेघ पहिल्या, पुसट रेघेवर जाऊन बसली.

आता फक्त खायचं उरलं होतं. श्रीरंगांनी घरच्या तव्यावर लोबियानी गरम केली. हेमांगींनी तुकडा तोंडात घातला. चांगली होती, खमंग होती आणि पूर्णपणे अनोळखी होती.

"ही ती नाही," त्या म्हणाल्या आणि खात्री करायला त्यांनी आणखी एक तुकडा मोडला.

श्रीरंगांनी घास घेतला. त्यांचे डोळे भरून आले. "हीच," ते म्हणाले.

हेमांगींना रडू आलं. पंचवीस वर्षं जपलेली एकुलती एक चव त्यांनी स्वतःच्या हाताने, चिमटीचिमटीने घालवली होती. इनामदारने हळूच एक उपाय सुचवला. यंत्रात बसून आठवण पुन्हा सैल करायची आणि या वेळी खरी लोबियानी खायची. चार-सहा बैठकींत मूळ चव बसेल. हेमांगींनी नकारार्थी मान हलवली. त्यांना आता वेगळीच शंका आली होती.

"बडीशेप तर यंत्रातल्या बैठकींत शिरली," त्या म्हणाल्या. "पण ती गोष्ट मी पंचवीस वर्षं भाषणांत सांगतेय. सांगताना दर वेळी आठवण सैल झालीच असणार. समोर टाळ्या वाजत असणार. श्रीरंग, खरं सांग, त्या थांब्यावर मी काय ठरवलं?"

श्रीरंग तव्यावरची दुसरी लोबियानी उलटवत होते. ते वळले नाहीत.

"काही नाही," ते म्हणाले. "तू रडत होतीस. सगळं सोडून घरी जाऊ, म्हणत होतीस. म्हातारीने हातात लोबियानी दिली, तेव्हा म्हणालीस, उद्या ठरवू, आधी हे खाऊ. मग आणखी एक मागितलीस."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी तो विषयच निघाला नाही."

इनामदारने विचारलं की काकांची आठवण तरी इतकी शाबूत कशी राहिली. श्रीरंग म्हणाले, "मला कोणी ती सांगूच दिली नाही. ही भाषणात त्या गोष्टीवर आली की मी मुद्दाम दुसऱ्या कशाचा तरी विचार करतो."

हेमांगींना हसू फुटलं आणि ते थांबेना. ज्या निर्धारावर आयुष्य उभं आहे असं वाटत होतं, तो कधी झालाच नव्हता आणि तरी आयुष्य चांगलं ठणठणीत उभं होतं. त्यांनी फोन उचलून मोहिल्यांना सांगितलं की यंत्र येणार नाही. आश्रमातल्या लोकांच्या आयांना ते हात लावणार नाही. त्याऐवजी त्यांना एक स्वयंपाकघर द्या, आम्ही भांडी पाठवतो. मोहिले मांडवाबद्दल काहीतरी म्हणाले. मांडवात जेवायला बसवा, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

इनामदारचं डोकं अजून यंत्रातच अडकलं होतं. "पण मॅडम, तुमची चव?"

"अरे, गेला अर्धा तास आपण तीच गोष्ट उगाळतोय. माझी आठवण आत्ता पुरेशी सैल असेल," हेमांगी म्हणाल्या. "यंत्र कशाला हवंय?"

इनामदारने जेवणाच्या टेबलावरची बडीशेपेची वाटी उचलली आणि आत नेऊन कपाटात ठेवली. श्रीरंगांनी दुसरी लोबियानी ताटात वाढली. आता त्या यंत्राचं पुढे काय करायचं, असं काहीतरी ते विचारत होते.

"उद्या ठरवू," हेमांगी म्हणाल्या. "आधी हे खाऊ."