मेंढ्यांची दुपार

"डोकं खाली घे, दिसशील ना," ऑस्लाने गिबीची कॉलर ओढली.

ती, गिबी आणि त्याची धाकटी बहीण मेरन दगडी बांधाआड पालथी पडली होती. समोर कुंपणात नव्या रॉकेट तळाचा अँटेना उभा होता. उडालेल्या रॉकेटवर नजर ठेवायची, तर तो जरासुद्धा हलून चालणार नव्हतं. आणि तो रोज दुपारी थरथरत होता!

तळाचे इंजिनियर पेंडरकाका म्हणत, खालची दलदल खचते आहे. तळात सरकारने लोकांच्या कराचे पैसे घातले होते आणि उद्या एडिनबराहून सरकारच्या एक बाई पाहणीला येणार होत्या. जमीन कच्ची ठरली की पैसे बंद, तळ बंद. मग आईची तिथली नोकरी जाणार आणि ऑस्लाला बेट सोडावं लागणार.

"पण दुपारचीच का खचते?" ऑस्लाने विचारलं.

"जेवून सुस्तावत असेल," गिबी म्हणाला.

मेरनने त्याला चिमटा काढून बोट दाखवलं. कुंपणाचं फाटक सताड उघडं! पेंडरकाका जेवायला गेले होते आणि आत मेंढ्या शिरत होत्या. पहिली अँटेनाच्या खांबाला टेकली आणि अंग घासू लागली. तिच्यामागे रांगच लागली.

ऑस्लाची नजर टेकडीकडे गेली. बेटावर एकही झाड नाही, मेंढ्यांनी खाजवायचं तरी कुठे? त्यासाठीच आजोबांनी टेकडीवर देवमाशाच्या जबड्याचं हाड रोवलं होतं. वादळात पडलं की तेच उभं करायचे. यंदाही ते पडलं होतं, पण उभं करायला आजोबा नव्हते. ती रोज त्याच्यावरून उडी मारून जात होती.

ऑस्लाने जाऊन सांगितलं, पण पेंडरकाकांनी सगळं हसण्यावारी नेलं. फाटक आपण लावतोच, असंही ठासून सांगितलं.

"मग आपणच दाखवू," ऑस्ला म्हणाली.

तिघांनी होडीचा दोर आणला. ओढताना हात सोलवटले, मेरन दोनदा चिखलात बसली, गिबीचा बूट दलदलीने गिळला. संध्याकाळी हाड उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी पाहुण्या बाईंना ऑस्लाने एकच गोष्ट मागितली: फाटक उघडंच ठेवा. दुपारी मेंढ्या आल्या. फाटकाशी थबकल्या. पुढारी मेंढीने वर टेकडीकडे पाहिलं आणि सगळा कळप तिच्यामागे हाडाकडे निघाला. अँटेनाची थरथर मोजणाऱ्या यंत्राचा काटा जागचा हलला नाही.

बाईंनी अँटेनाच्या खांबावरून एक पुंजका उचलला. "पेंडर, जमिनीला लोकर येते का हो?"

काकांचे कान लाल झाले. त्यांनी जाऊन स्वतः फाटक लावलं. पैसे चालू राहतील, असं बाई म्हणाल्या आणि तिघांशी मोठ्या माणसांसारखा हात मिळवला.

आई टेकडीवर आली. तिने हाडावरून हात फिरवला.

"चांगलं रोवलंस," ती म्हणाली. "जरा वाकडं आहे."

"आजोबांचंही वाकडंच असायचं," ऑस्ला म्हणाली.