दोन टाळ्यांच्या मधलं

भरे गावात हैबतरावांची कणगी बोलायला लागली, तेव्हा त्यांच्या लेकीच्या, स्नेहलच्या हातात मापटं होतं.

कणगी साधीसुधी नव्हे. बांबूची विणलेली, शेणानं लिंपलेली, आणि आत अख्खं वऱ्हाड पंगतीला बसेल एवढी. दसऱ्याच्या सुमाराला, नवा भात यायच्या आधी, ती तळाला गेलेली असायची. स्नेहल ओंजळभर उरलेला तांदूळ काढायला आली, तर आतून आवाज आला,

"नमस्कार... तुमचं नाव आम्ही कुणालाही सांगणार नाही..."

दुसरी कुणी असती तर उंबऱ्याबाहेर जाऊन पडली असती. पण स्नेहल उरवड्याच्या कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर बसायची. रोज ट्रकवाल्यांशी भांडून तिची भीती केव्हाच झिजून गेली होती. तिनं झाकण सरकवलं आणि मापटं सरळ आत हाणलं.

"आई गं!" कणगी कळवळली.

"आमच्या कणगीत तांदूळ असतुया. तुमी कोन?"

आत नवा भाडेकरू बसला होता. कौस्तुभ – मूळचा लातूरचा, हिंजवडीत कॉम्प्युटरवर कामाला. मांडीवर लॅपटॉप, तोंडासमोर माईक, आणि कपाळावर ताजं टेंगूळ.

"मी... पॉडकास्ट करतोय."

"भरल्या घरात? आणि त्ये काय असतं?"

"रेडिओसारखं, पण इंटरनेटवर. लोक मनातलं बोलतात, नाव न सांगता. इथे आवाज घुमत नाही, म्हणून..."

"मंग आदी सांगायचं. वरनं झाकन नीट लावून दिलं आसतं."

ती हसली. तो कणगीतच बसून राहिला... बाहेर कसं यायचं हेच विसरला बिचारा.

त्यानंतर रोज संध्याकाळी कणगीत चहा उतरू लागला. दोरी बांधलेल्या तांब्यातून. आणि चहाबरोबर प्रश्न.

"बोलनाऱ्याचा आवाज वळखत न्हाई का कुनी?"

"मी बदलतो. बाईचा बाप्याचा करतो."

"आन् कुनी नको ती गोष्ट बोलून बसलं तर?"

"त्या गोष्टीच्या आधी एक टाळी वाजवायची, नंतर एक. पडद्यावर टाळीची उंच रेघ दिसते. दोन रेघांच्या मधलं मी कापून टाकतो. ऐकतसुद्धा नाही."

"खरंच ऐकत न्हाई?" स्नेहलनं भुवई उचलली. "म्हंजी... मी बोलले तरी?"

"तुम्ही बोललात तर मुळीच नाही."

हे बोलताना त्याचे कान लाल झाले. तिला वाटलं, खोटं बोलतोय. असा कोण माणूस आहे, जो समोर पडलेलं गुपित न ऐकता ठेवेल?

अडचण अशी, की रविवारी पिरंगुटचे पाहुणे तिला बघायला येणार होते. मुलाकडे दोन जेसीबी. हैबतरावांनी जेसीबीच पसंत केले होते, मुलगा अजून पाहिलाही नव्हता. स्नेहलचं मन मात्र कणगीत अडकलेलं. तोंडावर सांगायची सोय नाही, आणि हा गडी स्वतःहून काही बोलेल, तर नाचणीला कणसाऐवजी आंबे लागतील!

म्हणून बुधवारी ती म्हणाली, "मला बोलायचंय. तुमी भायेर जा."

कौस्तुभ बाहेर गेला. अंगणातल्या फणसाखाली उभा राहिला, आणि वर दोन्ही कानांत बोटं घातली. परतीचा पाऊस टपटपत होता. त्यानं तोही ऐकला नाही.

रात्री त्यानं काम उरकलं. स्नेहलचा आवाज निवृत्त हवालदारासारखा झाला. दोन टाळ्यांच्या मधलं कापलं, पुसलं, जिथं जिथं त्याची नक्कल होती तिथूनही पुसलं. मग उरलेलं ऐकलं, आणि त्याचा चेहरा पडला. हवालदार म्हणत होता,

"मला एक जन आवडतुया. लई शिकलेला हाय, अक्कल तेवढी न्हाई. त्याचं नाव... त्यानं रविवारच्या आत आबांशी बोलावं."

दुसऱ्या दिवशी चहा देताना स्नेहलनं हळूच विचारलं, "ऐकलंत?"

"ऐकलं. तो... नशीबवान आहे."

"मंग?"

"मग काय? माझ्या शुभेच्छा आहेत."

स्नेहलनं तांब्याची दोरीच सोडली. चहा कुणाच्या अंगावर सांडला ते सांगायला नको.

आता गोठ्यात चला. हैबतरावांची म्हैस रंभा. स्नेहल गप्पा मारत बसली तरच ती पान्हवायची; दुसऱ्या कुणी कास धरली की लाथ. शनिवारी संध्याकाळी स्नेहलला कारखान्यातून यायला उशीर झाला. हैबतराव बादली घेऊन बसले. गोंजारलं, चुचकारलं, शिव्या घातल्या... रंभा दगड.

तेवढ्यात कंपनीतल्या लोकांची ने-आण करणारी गाडी चालवणारा राजू मोटरसायकलवरून आला. त्याच्याकडे चायना मोबाईल. त्याचा आवाज डोंगरापलीकडं रिहे गावापर्यंत जायचा. "आबा, ह्ये इंटरनेटवरचं ऐका, गाडीतली सगळी ऐकत्यात!" त्यानं बटण दाबलं. हवालदार गरजला, "मला एक जन आवडतुया..."

रंभानं कान टवकारले. मान वळवली. आणि अशी पान्हवली, अशी पान्हवली, की बादली भरली, घंगाळ भरलं, शेवटी राजूनं डोक्यावरचं हेल्मेट काढून धरलं!

हैबतराव मोबाईलकडं बघत राहिले. कॉम्प्युटरनं सगळ्या गाडीला फसवलं होतं. म्हशीला फसवायचं राहून गेलं.

स्नेहल दारात आली, तेव्हा कौस्तुभ अंगणात मान खाली घालून उभा होता. स्नेहलची आई गोजराबाई तोंडाला पदर लावून. हैबतराव कडाडत होते,

"इंजिनेर, नाव सांग त्याचं! न्हाईतर खोली रिकामी कर!"

"मला माहीत नाही, आबा."

"तुज्याच डब्यात बोलली ना ती?"

"बोलल्या. पण मी ऐकलं नाही. पुसून टाकलं."

"आन् ऐकलं आसतं तर?"

"तरी सांगितलं नसतं." तो मागे हटला नाही. "शब्द दिलाय. बॅग भरतो मी."

तो खरंच वळला. आणि स्नेहलला हसूही आलं, रडूही आलं...

"थांबा!" ती ओरडली. "खरंच ऐकलं न्हाई तुमी?"

"टाळी वाजवली होती ना तुम्ही..."

"अरं देवा! आई, बघ की गं... ह्या मानसानं सवताचंच नाव पुसून टाकलं!"

कौस्तुभच्या हातातली खोलीची किल्ली खाली पडली.

"माझं?" तो पुटपुटला. "म्हणजे... मी? परत एकदा सांगाल?"

"आता न्हाई सांगायची," स्नेहल आईच्या पदराआड गेली. "आता नाव मांडवातच घेईन."

गोजराबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. "अवं, जो सवताचं नाव ऐकत न्हाई, तो घरातली गोष्ट भायेर काय सांगनार? लातूरला जाऊन घरदार बघून या. पिरंगुटला निरोप धाडा."

"आन् जेसीबी?" हैबतराव हळहळले.

"जेसीबीला म्हस पान्हवती का?"

माघात मांडव पडला. उखाण्यासाठी बायकांनी नवरीला घेरलं. स्नेहलनं हिरव्या चुड्याचे हात वर केले आणि खणकन एक टाळी वाजवली. बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

"कणगीत भरला इंद्रायणी, कोंडा टाकला पाखडून,
कौस्तुभरावांचं नाव घेते, आता टाकू नका खोडून!"

आणि दुसरी टाळी.

नवरदेवाच्या मुंडावळ्या हलल्या. दोन्ही कान उघडे ठेवून तो ऐकत होता, आणि गोठ्यातून रंभा हंबरत होती.