शेजारची खाट

आमच्या मंडळात तोंड उघडावं न लागणारं एकच काम होतं. ते मला मिळालं.

त्रेपन्न सालची गोष्ट. बोरिवलीच्या पूर्वेला, जंगलाच्या कडेला, लढाईच्या काळातल्या पत्र्याच्या बराकींत मनोरुग्णांसाठी सरकारी इस्पितळ होतं. ज्यांची माणसं आत होती अशा आम्ही काही नातेवाइकांनी खटपट करून परवानगी मिळवली होती. महिन्यातून एका रविवारी आत जायचं, व्यवस्था पाहायची, उणिवा सुपरिंटेंडेंटना सांगायच्या. पार्ल्याच्या सुनंदाबाई आमच्या पुढारी. त्यांचा मुलगा आत होता. त्या थेट स्वयंपाकघरात शिरून आमटी चाखायच्या. घाटकोपरचे जयवंत गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, त्यांची बायको शेवंती बायकांच्या बराकीत. ते पाणी आणि संडास पाहायचे. माझा धाकटा भाऊ श्यामकांत पुरुषांच्या बराकीत होता. मी कॉलेजच्या लायब्ररीतून निवृत्त झालेला, चारचौघांत घसा कोरडा पडणारा माणूस. माझ्याकडे अंथरुणं आली. गादीखाली हात घालून ओल पाहायची, आणि जे उठत नाहीत त्यांच्या पाठी पाहायच्या.

श्याम उठत नसे. त्याचा हात वर करून ठेवला तर तसाच राही. दुपारी जवळच्या खाणीत सुरुंग उडत, पत्रे थरथरत, सगळी बराक दचके. श्यामची पापणी हलत नसे. तशी पडून राहिलेली आणखीही माणसं होती. त्यांच्या पाठींना जखमा झाल्या होत्या, काहींच्या पार हाडापर्यंत. पहिल्या रविवारी मी श्यामचा सदरा वर केला.

पाठ स्वच्छ होती.

मला वाटलं, अटेंडंट धाकू त्याची कूस बदलत असणार. मी त्याचे आभार मानले.

"साहेब, खोटं कशाला बोलू?" धाकू म्हणाला. "आम्ही दोघं, आणि एवढी बराक. मी नाय वळवत त्याला. पण सकाळी बघतो तर कधी या कुशीवर, कधी त्या."

"मग कोण वळवतं?"

धाकू चादरी गोळा करू लागला. श्यामच्या शेजारी एक रिकामी खाट होती. तिच्याकडे पाहायचं तो टाळत होता, किंवा मला तसं वाटलं.

काम म्हणून मी त्या खाटेवरही हात ठेवला. गादी कोरडी होती. मधोमध माणसाएवढा खोलगा होता, आणि तो ऊबदार होता.

मी स्वतःवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. ऊन पडत असेल म्हणून पाहिलं, तर खिडकी उत्तरेकडची. माझाच हात गार असेल म्हणून पुढच्या महिन्यात तो आधी गालाला लावला, मग लांबच्या दुसऱ्या एका रिकाम्या खाटेला. ती थंडगार होती. श्यामच्या शेजारची मात्र कोणी नुकतंच उठून गेल्यासारखी.

"इथं कोण निजतं रे?"

"कोण नाय, साहेब. पेशंट खाली जमिनीवर निजतील, पण तिथं नाय."

मी हे कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

थंडीच्या दिवसांत एकदा व्हरांड्यात आमची बैठक बसली. सुनंदाबाई तापल्या होत्या.

"बायकांना फरशीवर निजवतात, या गारठ्यात! आणि पुरुषांकडे चांगली गादीसकट खाट रिकामी? मार्तंडराव, अंथरुणं तुम्ही बघता ना? की नुसते बघताच?"

"ती खाट..." मी म्हणालो.

"काय ती खाट?"

जयवंत माझ्याकडे पाहत होते. शेवंतीबाईंना फरशीच्या गारठ्यानं खोकला धरला होता. तो व्हरांड्यापर्यंत ऐकू येत होता.

"काही नाही. द्यावी," मी म्हणालो.

त्याच दुपारी धाकू आणि जयवंतांनी खाट उचलून बायकांच्या बराकीत शेवंतीबाईंसाठी नेली. ती दारातून बाहेर पडताना श्यामची मान तिच्या दिशेनं वळली. मी पाहतो आहे तेव्हापासून पहिल्यांदाच.

पुढच्या महिन्यात श्यामच्या कमरेखाली सुपारीएवढी जखम होती.

व्हरांड्यात जयवंतांनी माझे दोन्ही हात धरले. "मार्तंडराव, तुमचे लय उपकार. शेवंतीचो खोकलो गेलो बघा! ती म्हणता, राती कोण तरी तिका पांघरूण घालता. नर्स म्हणता, आमी नाय."

मला बरं वाटलं. हेवाही वाटला. जखम अशीच वाढली तर श्याम फार दिवस काढणार नाही, हे इतरांच्या पाठी पाहून मला कळत होतं.

मी जयवंतांबरोबर बायकांच्या बराकीत गेलो. शेवंतीबाई सकाळपासून बाहेर आंब्याखाली बसल्या होत्या. जयवंत त्यांच्याकडे गेले. मी खाटेजवळ एकटा उरलो. हात ठेवला. ऊबदार.

मला जन्मात कोणाकडे काही मागता आलेलं नाही. पण हात जोडले.

"आपण इथं बघता, फार उपकार आहेत. जमलं तर माझ्या भावाकडेही येत जा. पलीकडच्या बराकीत असतो."

एवढं मागून तसंच निघणं बरं दिसेना. कोणालाही म्हणतो तसं सवयीनं तोंडून गेलं, "आणि कधी अंधेरीला आलात तर आमच्याकडे या. घर स्टेशनपासून लांब नाही."

पुढच्या खेपेला जखमेवर खपली धरली होती. श्याम डाव्या कुशीवर होता, बायकांच्या बराकीकडे तोंड करून.

शेवंतीबाई पुढे बऱ्या होऊन घरी गेल्या. श्याम छप्पन साली न्यूमोनियानं गेला. शेवटची अंघोळ घालताना पाहिलं, त्याची पाठ तान्ह्या मुलासारखी होती. नंतर इस्पितळही तिथून हललं.

यंदा मला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. स्वतःची कूसही बदलता येत नाही. दिवसा माझी सून अनुपमा मला वळवते. डॉक्टर माझी पाठ पाहून तिचं कौतुक करतात आणि ती ओशाळते.

"मामंजी, रात्री मी एकदाही उठत नाही हो. खरं सांगा, तुम्हीच वळता ना?"

मी मान हलवली. तिला काय वाटायचं ते वाटो.

माझ्या खोलीत माझ्या बायकोची खाट आहे, ती गेल्यापासून रिकामी. परवा अनुपमा म्हणाली, "ही कोणाला देऊन टाकू का? उगाच जागा अडते."

"असू दे. पाहुण्यांना लागते."

"इथं कोण येतंय पाहुणे?" ती हसली आणि चादर झटकून गेली.

आज जेवणानंतर तिनं मला भिंतीकडे तोंड करून निजवलं, आणि शेजारी कोणाकडे तरी गेली. मघाशी जाग आली तेव्हा माझं तोंड खाटेकडे होतं. घरात कोणी नव्हतं. मी मनातल्या मनात आभार मानले, रोज मानतो तसे.

खाटेवरच्या गादीत खोलगा होता. मी पाहत होतो, तो हळूहळू भरून वर येत होता, कोणी नुकतंच उठल्यावर कापूस वर येतो तसा.

माझ्या पाठीमागचं पांघरूण अजून सारखं होत होतं.