टाकी भरलेली, काटा शून्यावर

त्या दिवशी काम साधंच होतं. घरची जुनी मोटारसायकल घेऊन घोडेगावला पप्पूच्या गॅरेजात जायचं आणि पेट्रोलचा काटा नीट करून आणायचा. गाडी वीस वर्षांची. काटा फुलवर चिकटलेला, टाकी कोरडी पडली तरी फुलच. माझी हर्षाली भीमाशंकरच्या रस्त्याला वरच्या दवाखान्यात नर्स आहे, रोज ह्याच गाडीवर जाते-येते. एकदा धुक्यात तिचं पेट्रोल संपलं. फोनला रेंज नाही. पोरगी दोन तास चालत शिनोलीला घरी आली. तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं.

"मावशी, टाकीतला फ्लोट गेलाय," पप्पू म्हणाला. टाकीत दांडीला एक गोळा असतो, तो पेट्रोलवर तरंगतो. तो खाली-वर झाला की वायरीतून काट्याला कळतं. "नवा मिळायचा न्हाई ह्या मॉडेलला. भंगारातल्या गाडीचा हाय एक. टाकू?"

"चालतो ना? मग टाक. कुणाचा का असंना."

हे मी बोलले. माझ्याच तोंडानं.

त्यानं टाकी उतरवली, पेट्रोल कॅनमध्ये काढलं, फ्लोट बसवला, मीटर लावून तपासला. काटा शहाण्यासारखा हलला.

तिसऱ्या दिवशी हर्षाली सकाळची ड्युटी करून साडेतीनला आली. येताना टाकी भरून आणली होती. संध्याकाळी मी सहज चावी फिरवली, तर काटा शून्यावर! झाकण काढून काडी बुडवली. पेट्रोल गळ्यापर्यंत. सकाळी काटा पुन्हा फुल. संध्याकाळी पुन्हा मेला.

मग मी पाट टाकून समोरच बसले. चावी चालू, इंजिन बंद. चार वाजता काटा हलला. गाडी जागच्या जागी उभी, आणि काटा सावकाश उतरतोय, जसं कुणी चढाला गाडी नेतंय. पावणेसहाला शून्य. दुसऱ्या दिवशीही पावणेसहा.

पप्पूकडं तीन चकरा मारल्या.

"मावशी, गाडी लाडावलीय तुमची. मीटरवर बरोबर दाखवतंय."

"मग माझं डोळं गेलं का रं? रोज पावणेसहाला काटा मरतो."

"वायर ढिली आसल."

"वायरीला घड्याळ कळतं व्हय?"

तो हसला. मला तेव्हा रागच होता, भीती नव्हती.

भीती गुरुवारी आली. दवाखान्यात एक बाळंतपण अडलं आणि हर्षालीला उशीर झाला. साडेसहाला ती दारात उभी राहिली, ओलीचिंब, पांढरीफटक.

"आई, करवंदीच्या वळणावर गाडी आपोआप बंद पडली. काटा शून्य... धुक्यातनं एक माणूस चालत आला. हातात पाण्याची रिकामी बाटली. म्हणाला, ताई, पेट्रोल हाय का थोडं..."

"मग?"

"मी नुसती किक मारत व्हते. त्यानं टाकीवर हात ठेवला... म्हणाला, ही तर माझीच हाय. तेवढ्यात किक लागली, तशीच सुटले."

सकाळी मी पप्पूची कॉलर धरली.

"आवं मावशी, काट्यानं गाडी बंद पडत न्हाई!"

"ते ऱ्हाऊ दे. फ्लोट कुणाचा?"

त्यानं मान खाली घातली. "राजुरीच्या गेणूचा. देवदर्शनाला निघालेला. वाटंत पेट्रोल संपलं, गाडी लावून बाटली घेऊन पायी चालला व्हता. धुक्यात ट्रकला दिसला न्हाई... करवंदीच्या वळणावर."

एसटी धरून राजुरी गाठली. गेणूची बायको द्रौपदा टोमॅटोच्या वाफ्यात काम करत होती. मी सरळ विचारलं, "दहाव्याला कावळा शिवला का?"

तिचा हात थांबला. "न्हाई शिवला, ताई. पोरीचं लगीन करू म्हणलं, सासूला बघू म्हणलं, रान सांभाळू म्हणलं. कावळा फांदीवर बसून बघत व्हता, पण पिंडाकडं येईना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला."

"पेट्रोलचं कुणी बोललं?"

तिनं हाताची माती झटकली. "ते कुणाच्या ध्यानात येणार..."

सगळं गाव गोळा झालं आणि एवढं साधं कुणाला सुचलं नाही!

दुसऱ्या दिवशी मीच गाडी काढली. पत्रावळीवर भात, पाण्याच्या बाटलीत पेट्रोल. करवंदीच्या वळणावर साडेपाचलाच अंधारल्यासारखं झालेलं. ओल्या मातीचा वास, आणि त्यात पेट्रोलचा. बाटलीचं झाकण घट्ट होतं, तरी वास येत होता.

कठड्यावर भात ठेवला, बाटली ठेवली. म्हणाले, "गेणूभाऊ, हे घे. माझ्या पोरीला अडवू नगं. परत लागलं तर माझ्या दारात ये. मी देईन."

मागं चपलांचा आवाज झाला. फटक... फटक... माझ्या पाठीशी येऊन थांबला. मी वळले नाही. धुक्यातून एक कावळा उतरला आणि भाताला चोच लावून गेला.

गाडी पहिल्या किकला चालू झाली.

पुढं पप्पूनं कुठल्या तरी भंगारातल्या गाडीचा दुसरा फ्लोट आणून बसवला; कुणाचा, ते ह्या वेळीही मी विचारलं नाही. जुना मी दरीत फेकला. काटा आता खरं बोलतो. हर्षाली कितीही उशिरा आली तरी त्या वळणावर गाडी अडत नाही, कुणी दिसत नाही. मला तेवढंच पाहिजे होतं.

पण कावळ्यासमोर दिलेला शब्द मागं घेता येत नाही. रोज पावणेसहाला माझ्या उंबऱ्याशी रिकामी बाटली असते, आतून धुकं धरलेली, वरून बोटांचे ओले ठसे. मी शिव्या देत भरते. सकाळी ती नसते. ह्याचीही सवय झाली होती.

काल दार उघडलं आणि तिथंच थांबले. उंबऱ्याशी दोन बाटल्या होत्या.

दुसरीवरची बोटं लहान लेकराची होती.