कुमुदिनीताईंचा पासपोर्ट

थोरल्या बहिणीच्या, कुमुदिनीताईच्या पत्राला विश्वासरावांनी उत्तर दिलं नव्हतं.

पत्र जानेवारीत आलं होतं. फोन केला तर विश्वासरावांची लेक मृदुला शेजारी असते, म्हणून ताईने मुद्दाम लिहिलं होतं. ‘चारुताने माझा पासपोर्ट का लपवला, एवढं शोधून काढ. पुष्कर म्हणतो, फ्लॅट विकून टाक. इथे काही उरलं नाही की तिकडे राहण्याचा पुढचा अर्ज पक्का. पैसे त्याच्याकडेच ठेवायचे. पाडव्याला सही आहे. पण ज्या घरात सुनेला मी नको, तिथे येऊ का?’

विश्वासराव पुण्यात ग्रंथपाल होते. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं त्यांना जमत नसे. शिवाय लाजही वाटत होती. जावई प्रसन्न आयरिश नागरिक. असा माणूस आयर्लंड सोडून नेदरलँड्समध्ये नोकरीला आला की आपल्यावर किंवा बायकोवर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही बोलावू शकतो. त्या नियमावर विश्वासराव न्यूनेनला लेकीकडे राहत होते. भाचा पुष्करही डब्लिनमध्ये राहून आयरिश झालेला. तरी ताई मात्र तीन महिन्यांच्या व्हिसावर येऊन परत गेली होती.

मार्च उजाडला. पाडवा जवळ आला. एका शनिवारी ते बस पकडून आइंडहोव्हनला पुष्करच्या घरी गेले.

दार चारुताने उघडलं. पुष्कर बाजारात गेला होता.

“ताईचं पत्र आलं होतं,” विश्वासराव चाचरत म्हणाले.

चारुताचा चेहरा कडक झाला. “म्हणजे मामा, आता तुम्ही पण? या, कपाट उघडून दाखवते. सगळ्यांनी बघितलंय, तुम्हीच राहिलात.”

“रागावू नकोस. दोन-तीन गोष्टी विचारतो. पासपोर्ट आधी कुठे होता?”

“देवापुढे. दुसऱ्या दिवशी सकाळी इमिग्रेशन ऑफिसात अर्ज द्यायला जायचं होतं. आईंनी संध्याकाळी दिवा लावला, पासपोर्टवर कुंकू लावलं. चांगलं पाण्यात कालवून. मी उचलायला गेले तर ओरडल्या, ओलं आहे, हात लावू नकोस.”

“मग?”

“मग मी जेवणाचं बघत होते. पुष्कर सायकल घेऊन दूध आणायला गेला. जेवायला बसताना पाहिलं तर पासपोर्ट नाही.”

“सापडला कधी?”

“आईंचा व्हिसा संपत आला तेव्हा. माझ्या कपाटात, शालूच्या घडीत. पुष्करनेच काढला आणि थेट आईंच्या हातात दिला. आईंनी लगेच बॅग भरली.”

“तेव्हा कुंकू होतं त्याच्यावर?”

“फिसकटलेलं. सुकून गेलं होतं.”

शालू पांढऱ्या मलमलमध्ये गुंडाळलेला होता. विश्वासरावांनी चष्मा पुसून घडी न् घडी पाहिली. मलमल स्वच्छ होती. शालूवरही काही नव्हतं.

“हे धुतलंस?”

“शालू कोण घरी धुतं, मामा? आणि मलमल लग्नापासून तीच.”

“आणि इथे कायम राहायचं तर डॉक्टरकडे नाव घालावं लागतं. ताईचं घातलं होतं?”

“मी दोनदा म्हटलं. पुष्कर म्हणाला, घाई काय आहे.”

चहा घेताना विश्वासरावांची नजर पुष्करच्या टेबलाकडे गेली. नवा लॅपटॉप. त्याच्या चार्जरला तीन जाड पिना, आणि भिंतीतल्या दोन भोकांसाठी मध्ये एक अडॅप्टर. तसा अडॅप्टर प्रसन्नच्या डब्लिनहून आणलेल्या मिक्सरला होता.

“हा लॅपटॉप?”

“ऑफिसने बदलून दिला म्हणे. दोन महिने घरूनच काम चाललंय.”

दार वाजलं. पुष्कर चिंब भिजून आला होता. त्याने सायकलवर घालायचं जॅकेट काढलं, खिसे उलटे करून हीटरवर पसरलं.

“मामा! वाट चुकलात काय?”

विश्वासराव जॅकेटकडे पाहत होते. आतल्या खिशाचं अस्तर फिकट राखाडी होतं. त्यावर तांबडा, पसरट डाग.

“हे काय रे?”

“टोमॅटो असेल.”

“आतल्या खिशात?”

“मामा, तुम्ही डिटेक्टिव्हगिरी कधी सुरू केली?” पुष्कर हसला. चारुता हसली नाही.

विश्वासरावांनी कप खाली ठेवला.

“माझं चुकत असेल तर सांग. पासपोर्टवरचं कुंकू ओलं होतं, ते कुठेतरी फिसकटलं. चारुताने तो लगेच शालूत लपवला असता, तर मलमलीला डाग पडला असता. मलमल कोरी आहे. म्हणजे ओला असताना तो दुसरीकडे होता आणि सुकल्यावर कपाटात आला. सापडल्यावर तू तो सरळ ताईच्या हातात दिलास. मग तुझ्या खिशात कुंकू कसं आलं? त्या संध्याकाळी जॅकेट घालून बाहेर तूच गेला होतास.”

“काहीतरीच! मी कशाला लपवू? माझ्याच पासपोर्टवर आईचा अर्ज होता.”

“म्हणूनच. तू इथे आहेस तोवरच तिचा हक्क. तू डब्लिनला परत गेलास की संपला.”

चारुताने टेबलावरच्या चार्जरकडे पाहिलं. “डब्लिनला कोण जातंय?”

पुष्करने जॅकेटचा खिसा आत ढकलला.

“पुष्कर, मी तुला विचारतेय.”

“सांगणारच होतो,” तो म्हणाला. “नोकरी तिथली आहे. सध्या इथून करतो. जूनमध्ये जायचंय.”

“मग आईला तिकडे ने,” विश्वासराव म्हणाले.

“तीच तर गंमत आहे, मामा. मी आयरिश, म्हणून हॉलंड माझ्या आईला ठेवून घेतं. आयर्लंडमध्ये मात्र हा नियम लागत नाही. तिथले नियम वेगळे, आईला नेणं जवळजवळ अशक्य. तिला इथे आणून सहा महिन्यांत परत पाठवू?”

“तसं तिला सांगायचं होतंस.”

“तिच्या तोंडावर? मला नाही जमलं.”

“माझ्या कपाटात ठेवायला जमलं,” चारुता म्हणाली. आवाज अगदी साधा होता. “माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या त्या. तू समोर बसून जेवत होतास.”

“आणि फ्लॅट?” विश्वासरावांनी विचारलं. “पुढचा अर्ज होणारच नाही, मग फ्लॅट का विकायचा?”

“डब्लिनमध्ये घरं किती महाग आहेत माहितीय? शेवटी माझंच होणार ना ते?” मग तो खुर्ची ओढून जवळ आला. “मामा, तुम्ही लिहू नका. मी सांगतो आईला.”

“कधी?”

“पाडवा होऊन जाऊ दे.”

चारुता उठली आणि आतल्या खोलीत गेली. दार लावल्याचा आवाज आला. विश्वासरावांनी टोपी घेतली.

न्यूनेनला परतल्यावर त्यांनी पत्र लिहिलं. तीन वेळा फाडलं, चौथं पाकिटात घातलं. पत्र पाडव्याआधी पोचणार नाही हे लक्षात आल्यावर बागेत जाऊन फोन लावला.

“ताई, सही करू नकोस. कारण पत्रात लिहिलंय.”

“चारुताच ना?”

“नाही. तिचा काही दोष नाही.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ताईने गॅस बंद केल्याचा आवाज आला. आइंडहोव्हनच्या घरात तेव्हा तिच्याशिवाय चारुता आणि पुष्कर, दोघंच होती.

“बरं,” ती शेवटी म्हणाली. “सही नाही करत. पण ते पत्र पाठवू नकोस, विश्वास. मला त्याचं नाव तुझ्या अक्षरात वाचायचं नाही.”

फोन बंद झाला.

विश्वासराव पाकीट घेऊन कोपऱ्यावरच्या नारिंगी पेटीपाशी गेले. पाठवावं की नाही, त्यांना ठरवता येईना. ताई कुणाला काही सांगणार नव्हती. पुष्करही नाही. मग पुण्यात चारुताच चोर राहणार.

पेटीला दोन फटी होत्या, एक आसपासच्या गावांसाठी, एक बाकी सगळ्या जगासाठी. त्यांनी दुसरीत पाकीट टाकलं.