काच मीच फोडली

ऐका बरं, आणि तो दिवा जरा जवळ ओढा. एक होती काच पुसणारी बाई. तिला एक मुलगी होती, एक मुलगा होता, आणि नवराही होता, पण तो असून नसल्यातच जमा. मुलगी चालली तरी पाऊल वाजायचं नाही, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणायचे. धाकटा गोलमटोल, तो भोपळ्या.

नवऱ्याचा हात चालायचा. कशावरून चालेल याला काही धरबंध नव्हता. मीठ कमी पडलं तरी तेच, जास्त पडलं तरी तेच. कुलपात किल्ली कशी फिरते त्यावरून मुंगीला कळायचं, आज काय होणार. मग ती भोपळ्याला पलंगाखाली सरकवायची आणि आईच्या पुढे जाऊन उभी राहायची. काहीही झालेलं असो, म्हणायची, "मी केलं." पहिला तडाखा आपल्या अंगावर आला की तेवढ्यात आईला दार गाठता येतं, एवढंच त्या पोरीचं गणित.

एक दिवस आईने दार गाठलं, आणि दोन्ही पोरांना घेऊन ओलांडलंसुद्धा.

हिंडत हिंडत ती कंदीलवाल्याच्या वखारीवर आली. गावाबाहेर, एकटी इमारत. पुढे दुकान, मागे काचांची खोकी रचलेली लांबलचक खोली, आणि तिच्याच एका टोकाला राहायची जागा. काम सोपं: कंदिलाच्या काचा राखेने पुसायच्या, उजेडात धरून तडा बघायचा, पेंढ्यात गुंडाळून खोक्यात भरायच्या. म्हातारा कंदीलवाला तोंडाने फटकळ होता, मनाने लोणी.

"काच आहे, फुटणारच," तो म्हणाला. "पण रोजच फुटायला लागली, तर बाई, मला दुसरं माणूस बघावं लागेल. आधीच्या सगळ्या तशाच गेल्या. इथे कुणी टिकत नाही."

बाई मनात म्हणाली, मी टिकेन. टिकले नाही तर परत त्याच दारात जावं लागेल.

चार दिवस बरे गेले. भोपळ्या चिंधीच्या बाहुलीशी खेळायचा. खेळ एकच. "जेवण गार का?" असं विचारायचा आणि बाहुलीच्या थोबाडीत द्यायचा. मग तिला कुशीत घेऊन रडायचा. आई बघायची आणि काच पुसता पुसता तिचा हात थांबायचा.

मग एका दुपारी आई पेंढा आणायला बाहेर गेली होती, तेव्हा वरच्या फळीवरची काच हलली. वारा नव्हता. काच सावकाश कडेला आली, जरा थांबली, आणि खाली पडली. भोपळ्या तोंडातून हूं की चूं न काढता पलंगाखाली. आई आली तेव्हा मुंगी तुकडे गोळा करून उभी.

"मी फोडली," ती म्हणाली. आणि डोळे मिटून गाल पुढे केला.

आईला हुंदकाच आला. तिने तो गाल हातात घेतला. "अगं, पायाला लागलं का कुठे, ते सांग आधी."

पण काचा फुटतच राहिल्या. कधी फळीवरची, कधी पेंढ्यात गुंडाळलेली. दरवेळी मुंगी म्हणायची, मी. कंदीलवाल्याच्या कपाळावरची आठी वाढली. "पोरीच्या हाताला भोकं पडलीत काय गं?" तो म्हणाला. "या महिन्याचं बघतो. पुढचं सांगत नाही."

त्याच संध्याकाळी मायलेकी आडावर पाणी भरत होत्या. भोपळ्या आईच्या पाठीला बांधलेला, झोपलेला. आतून आवाज आला... खळ्ळ.

मुंगी लगेच म्हणाली, "मी फोडली."

आईच्या हातातला दोर सुटला. "मुंगे, तू तर इथे माझ्याजवळ आहेस."

"मीच फोडली."

"मग... आत कोण आहे?"

मुंगीने आईचा पदर घट्ट धरला. अगदी कानाशी येऊन म्हणाली, "त्याला ओरडू नकोस गं. लहान आहे तो. खोक्यांच्या मागे बसतो... असा." तिने गुडघे पोटाशी घेतले, दोन्ही हात डोक्यावर धरले. भोपळ्या पलंगाखाली बसायचा, हुबेहूब तसा. "काच फोडतो आणि बघत बसतो, आता कोण मारतं. मला माहीत आहे ना, कसं वाटतं ते."

आईच्या अंगावर काटा आला. तरी ती आत गेली, मुंगी पदर धरून मागोमाग. खोलीत विझलेल्या वातीचा वास होता, ओल्या पेंढ्याचाही. खोक्यांमधली फट काळीकुट्ट. त्या काळोखात काहीतरी श्वास रोखून होतं. पण आईच ती. तिने घसा खाकरला.

"फुटली तर फुटली," ती म्हणाली. "या घरात काचेपायी कुणी कुणाला मारत नाही. मुंगीला नाही, भोपळ्याला नाही... आणि तुलाही नाही रे बाळा. ऐकलंस?"

काही हललं नाही. मात्र रोखलेला श्वास सुटल्याचं दोघींनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तिने कंदीलवाल्याला विचारलं, त्या सगळ्या बायकांच्याही आधी इथे कोण राहायचं. म्हातारा बराच वेळ वात कातरत बसला. "एक काचेचा कारागीर. बायको नव्हती, एक पोरगा होता. काच फुटली की त्याला मागच्या खोलीत न्यायचा. आवाज दुकानातल्या आम्हा सगळ्यांना यायचे." मग अगदी हळू, "कुणी गेलं नाही मधे. मग एक दिवस आवाज बंद झाले."

त्यानंतर काचा फुटायच्या थांबल्या. आई झोपताना तीन पांघरुणं घालायची, एक खोक्यांच्या फटीपाशी.

आणि मग नवऱ्याने पत्ता काढला. दिवेलागणीला खाऊचा पुडा घेऊन दारात उभा. आवाज मधासारखा. "चुकलं गं माझं. आता नाही उचलणार हात. पोरांना बाप नको का? या की इकडे, विसरलात मला?"

बाईचं मन डळमळलं. खोटं कशाला सांगू, तिने गाठोड्याकडे एकदा बघितलंही. मुंगीने ते पाहिलं आणि ती मागे मागे सरकली, आणि पाठीचा धक्का लागून भरलेलं खोकं खाली आलं. सगळ्या काचा एकदम.

या वेळी खरंच तिने फोडल्या होत्या. आणि नेमका या वेळी तिच्या तोंडून शब्द फुटेना.

मध कुठल्या कुठे गेला. "कुणी फोडलं?" तो आत घुसला. पट्ट्याला हात घातला. "कुणी फोडलं, विचारतोय मी!"

खोक्यांच्या मागून बारीक, धुळीने भरलेला आवाज आला. "मी फोडली..."

तो वळला. "कोण आहे तिकडे?"

"मी फोडली..." आता आवाज जवळून.

पलंगाखालून भोपळ्या ओरडला, "मी फोडली!" आणि मग आई मुंगीच्या पुढे येऊन उभी राहिली. आजवर ती कधी अशी उभी राहिली नव्हती. "मी फोडली," ती म्हणाली. "आणि माझ्या घरातून आधी बाहेर हो."

तो तिला ढकलून खोक्यांकडे गेला. "बाहेर ये कारट्या," म्हणत त्याने फटीत हात घातला. कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत, कारण कुणीतरी आतून ओढत होतं. तो ओरडलाच नाही. फक्त त्याचं तोंड उघडं राहिलं. सुटला तेव्हा मनगटावर लहान लहान बोटांचे वळ होते, निळे. गुडघे पोटाशी घेत तो दारापर्यंत सरपटला, आणि तिथून जो पळाला तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

दिवस पालटले. कंदीलवाला म्हणाला, "बाई, त्या वेळी मी मधे गेलो नाही, आता माझ्यामागे हे दुकान तूच बघ." दुकान चाललं, नुसतं धो धो. भोपळ्या बाहुली विसरला आणि मोठेपणी रस्ताभर शीळ घालत हिंडायला लागला. मुंगी इतकी दाणदाण चालायला लागली की गिऱ्हाइकं म्हणत, हिचं नाव आता बदला. तिला चांगला माणूस मिळाला, मुलगी झाली. काय ती पोर! भूक लागली की वखार डोक्यावर घेते, आणि तिला कुणी गप्प म्हणत नाही.

आजी झालेली बाई संध्याकाळी पाळणा खोक्यांच्या खोलीत ठेवते आणि दुकानात बसते. नात रडायला लागली तरी उठत नाही. कारण पाळणा आपोआप हलायला लागतो, कुणीतरी गुणगुणतं, आणि नात खदखदून हसते. फक्त हल्ली, साधारण भोपळ्याला मिशा फुटल्या तेव्हापासून, तो खोक्यांमागचा गुणगुणणारा आवाजही चांगला भरदार, मोठ्या पुरुषाचा झालाय.