सोलोमियाच्या गाण्यातला दुसरा आवाज

ही ऐकीव गोष्ट नाही. मी माझ्या कानांनी ऐकलंय. आणि कानांवरच माझं पोट आहे… मी साउंडवाला आहे.

मी संदेश, मूळचा कुडाळचा. बहरीनमध्ये सीफ नावाच्या भागातल्या एका मोठ्या हॉटेलात साउंड सिस्टीम सांभाळतो. हॉटेलचं नाव सांगणार नाही. अजून तिथेच नोकरीला आहे.

मागच्या वर्षीचा मे महिना. शुक्रवार. तुम्हाला वाटेल रात्रीची गोष्ट असेल… नाही. भर दुपार होती. काचेबाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि आत ब्रंचसाठी खचाखच भरलेला हॉल.

तरी अंगावर काटा आला होता. आत्ता लिहितानाही येतोय.

ब्रंचला आमच्याकडे सोलोमिया गायची. युक्रेनची, तिशीतली. इंग्लिश गाणी गायची, पाहुण्यांकडे बघून हसायची, आणि जेवायला आमच्यासोबत स्टाफ कँटीनमध्ये डाळभात घेऊन बसायची.

तिचं गाव रशियन फौजेने ताब्यात घेतलं, तेव्हा ती कशीबशी निसटून बाहेर पडली होती.

"आधी आमचा झेंडा उतरवला," ती सांगायची. "मग गावाची पाटी बदलली. मग शाळेतली आमच्या भाषेतली पुस्तकं ट्रकमध्ये भरून नेली. आणि मग ओस्ताप सरांना नेलं."

ओस्ताप सर म्हणजे तिच्या गावातले गाण्याचे मास्तर. तिला गाणं त्यांनीच शिकवलं होतं. फौजेच्या माणसांनी शाळेत येऊन सांगितलं, आजपासून मुलांनी फक्त रशियन गाणी म्हणायची. सर दुसऱ्या दिवशी वर्गात गेले, आणि नदीवरचं एक जुनं युक्रेनियन गाणं शिकवायला घेतलं.

भर वर्गातून त्यांना उचललं.

त्यानंतर काहीच नाही. कुठल्या तुरुंगात आहेत… आहेत की नाहीत… कोणालाच माहीत नाही.

"त्यांच्या आजोबांनाही याच गाण्यासाठी नेलं होतं," सोलोमिया म्हणाली. "तेव्हा सोव्हिएत राज्य होतं, पण हुकूम मॉस्कोचाच होता. आजोबा गेले, पण गाणं राहिलं ना?"

त्या शुक्रवारी सकाळी मी साउंड चेक करत होतो. पियानोवाला सुट्टीवर होता. त्यामुळे स्टेजवर एकच माइक, सोलोमियाचा. मिक्सरवर तिचा चॅनेल पहिला. दुसरा मोकळा.

ती सहज काहीतरी गुणगुणत होती. मी हेडफोन लावला.

आणि…

तिच्या आवाजाखाली दुसरा आवाज होता.

पुरुषाचा. खालच्या पट्टीतला. म्हाताऱ्या माणसाचा असावा… थकलेला, पण सुरात एकदम पक्का.

मी हेडफोन काढला. हॉलमध्ये ती एकटीच गुणगुणत होती. पुन्हा लावला… तो आवाज होता!

मिक्सरकडे बघितलं. दुसऱ्या चॅनेलचे हिरवे दिवे वरखाली होत होते. मागे हात घालून चाचपलं.

वायरच नव्हती.

"सोलोमिया, मोबाइलवर काही लावलंयस का?" मी विचारलं.

"नाही. का?"

मी सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. "मला ऐकव," ती म्हणाली. पण तिने हेडफोन लावला तेव्हा आत काही नव्हतं. दिवेही विझलेले.

"तो माझ्यामागून गात होता का? थोडासा उशिरा?" तिने हळूच विचारलं.

मी मान डोलावून हो म्हटलं.

"सर शिकवताना असेच गायचे," ती म्हणाली, आणि स्टेजवर जाऊन उभी राहिली.

दुपारी ब्रंच सुरू झालं. पुढच्या टेबलावर एक रशियन पाहुणा मित्रांना घेऊन आला होता. हॉटेलचं मोठं गिऱ्हाईक. तिसऱ्या गाण्यानंतर तो मोठ्याने म्हणाला, "आता आपल्या भाषेत काहीतरी गा. रशियनमध्ये."

"ती माझी भाषा नाही," सोलोमिया हसून म्हणाली.

"युक्रेनियन अशी भाषाच नाही. आपलीच बोली आहे, बिघडवलेली." टेबलावर हशा झाला.

आमचे मॅनेजर जयप्रकाश सर लगबगीने स्टेजजवळ गेले. "एक गाणं गा आणि विषय संपव. मोठे लोक आहेत."

सोलोमियाने माइक हातात घेतला.

"हे गाणं माझ्या गावात आज म्हणता येत नाही. म्हणून इथे म्हणते. माझ्या भाषेत."

तिने नदीचं गाणं सुरू केलं.

पाहुणा ताडकन उठला. जयप्रकाश सर धावत माझ्याकडे आले. "संदेश, माइक बंद करो! अभी के अभी!"

माझा हात पुढे गेला नाही. मग त्यांनीच तिचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, खाली ओढला.

स्पीकर गप्प झाले. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तिचा आवाज अगदी बारीक वाटायला लागला. तरी ती गात राहिली.

आणि मग…

स्पीकरमधून तो आला.

तोच खालच्या पट्टीतला आवाज. हॉलभर. ग्लास किणकिणले. तिच्या किंचित मागून… तिला सांभाळत, तिला उचलून धरत.

सोलोमियाचे डोळे भरून आले. पण सूर हलला नाही.

"बंद करो!" सर ओरडले. त्यांनी सगळे फेडर खाली केले. आवाज तसाच. दाराजवळ बँक्वेट हॉलचा वेटर आकिब उभा होता, आमच्या कोकणातलाच, मंडणगडचा. सरांनी खूण केली, तसा त्याने भिंतीतला प्लगच उपटला.

मिक्सर काळा पडला. एकही दिवा चालू नव्हता.

आवाज चालूच होता.

आकिब प्लग हातात धरून दुआ पुटपुटायला लागला. किचनमधली माणसं दारात येऊन थांबली. तो पाहुणा कान झाकून खाली बसला होता. कोणी जेवत नव्हतं.

माझ्या कानांवर बंद पडलेला हेडफोन होता. त्यात मला अजून काहीतरी ऐकू आलं. हॉलमध्ये ते कोणालाच आलं नाही…

आधी पाणी ठिबकण्याचा आवाज.

मग बूट. जवळ येणारे.

मग लोखंडी कडी सरकली. कोणीतरी खेकसलं.

आणि ओळीच्या मध्येच तो आवाज तुटला.

सोलोमिया क्षणभर थबकली. दोघांनी मिळून गायची ती शेवटची ओळ होती. तिने डोळे मिटले, आणि ती ओळ एकटीने म्हटली. माइकशिवाय. मागच्या भिंतीपर्यंत पोचली.

आधी किचनवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मग हॉल उठला.

हॉटेलने तिला काढलं. जयप्रकाश सर मला म्हणाले, "तिने लपवून टेप लावली होती, असं लिहून दे."

"टेप नव्हती, सर. प्लग तुमच्यासमोर काढला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि तो विषय पुन्हा काढला नाही. आकिब आजही त्या हॉलमध्ये एकटा जात नाही.

सोलोमिया बहरीनमध्येच आहे. दुसरीकडे नोकरी करते, आणि सुट्टीच्या दिवशी इथल्या युक्रेनियन मुलांना त्यांची भाषा शिकवते. एकदा मी तिच्या वर्गावर तिला भेटायला गेलो आणि हेडफोनमधलं सगळं सांगून टाकलं. पाणी, बूट, कडी.

मला वाटलं ती रडेल.

ती ताठ बसली. "म्हणजे ते जिवंत आहेत," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाला कोणी कोंडून ठेवत नाही, संदेश. मी त्यांच्यासाठी मेणबत्ती लावणार नाही. ते येईपर्यंत गाणार."

आतल्या खोलीत मुलांनी गाणं सुरू केलं होतं. ती उठून गेली.

भूत होतं असं मानता आलं असतं, तर बरं झालं असतं. गावी नारळ ठेवून मोकळा झालो असतो.

पण तिचं खरं असेल, तर कुठेतरी अंधाऱ्या कोठडीत एक जिवंत माणूस तेव्हा आमच्यासोबत गात होता… आणि कोणीतरी दार उघडून आत आलं होतं.

त्यानंतर आत काय झालं?

झोप लागता लागता ती कडी मला अजून ऐकू येते.